मंगळवारची सुई

प्रिय वेंधळ्या,

तू आत दाढी करतोयस आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. सांगायला म्हणून तीनदा दाराशी आले, तीनदा पाय मागे घेतला. चष्मा फ्रीजमध्ये ठेवतोस, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालतोस, म्हणून तुला आयुष्यभर चिडवत आले. आज माझी मलाच लाज वाटतेय, आणि भीतीही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं होतं, आठवतं? पहिल्या सुईपासून गर्भाशयाचं अस्तर तयार व्हायला लागतं, मोजून पाच दिवसांनी त्याचं दार उघडतं, तेही थोडाच वेळ. तेवढ्यात गोठवलेला गर्भ आत सोडायचा. तू शहाण्या मुलासारखी मान डोलावत होतास. पहिली सुई मंगळवारी संध्याकाळी, मग रोज एक, आणि गर्भ सोडायचा रविवारी.

आमच्या बेकरीची रीत तुला ठाऊक आहे. मंगळवारच्या पावाचं पीठ सोमवारी संध्याकाळी मळतात आणि फळ्यावर तेव्हाच 'मंगळवार' लिहितात. अकरा वर्षं माझा दिवस तिथूनच सुरू होतो. काल मी फळ्यावर 'शनिवार' लिहिलं आणि खडू हातातच राहिला. पहिली सुई मी बेकरीच्या मागच्या खोलीत घेतली होती, फळ्यावरचा वार बघून. म्हणजे सोमवारी! घरी येऊन कालची सुई घेतली आणि रिकाम्या बाटल्या मोजल्या. चार हव्या होत्या, पाच निघाल्या.

आणि ऐक, मागच्या वेळीही मी वार फळ्यावरूनच धरला होता. तो गर्भ राहिला नाही तेव्हा तू स्वतःच्या सिगारेटींना दोष देत बसलास, आणि मीही 'हो, तुझ्यामुळेच' म्हणाले. वेळ साधूनही कधी कधी रुजत नाही, असं बाई म्हणतात. त्यामुळे नक्की काय झालं ते आता कधीच कळायचं नाही. पण तुला बोलले ते मला परत घेता येत नाही.

आता हा शेवटचाच गर्भ उरलाय. अजून गोठलेला आहे, उद्या सकाळी बाहेर काढणार आहेत. पण माझी मोजणी बरोबर असेल तर माझं दार उद्या नाही, आज उघडतंय. दवाखाना आठला उघडतो आणि आत्ता पावणेआठ झालेत. मला फोनवर बोलता येणार नाही, नुसतं रडू फुटेल. हा कागद दाराखालून सरकवते. वाचलास की साबण तसाच राहू दे, बाहेर ये आणि बाईंना फोन लाव. रागव मग हवं तेवढं.

तुझीच,
खरी वेंधळी