मिठावर मुंग्या नसतात

पंचवटी, नाशिक
२० जून २००७

प्रिय सायलीबाय,

आधी हे सांगते की मी मजेत आहे, आणि मजेत म्हणजे इतकी की परवा बाजारात मी पेढे वाटले. भाजीवाल्यांच्या ओळीत ते पुरले नाहीत, मग शेवटच्या चौघींना अर्धा अर्धा दिला. मंगलाबाई, माझ्या शेजारी मेथी-कोथिंबीर घेऊन बसते ती, तिनं विचारलं, पुतळाबाई, नातीचं लग्न ठरलं का? मी म्हटलं, नाही गं, नातीनं सांगितलेलं वादळ आलंच नाही. ती पेढा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार, पण पेढा खाल्ला.

तू फोनवर रडलीस त्याला आज चार दिवस झाले. महिनाअखेरीला साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवणार म्हणालीस. मी तेव्हा हूं हूं केलं, कारण एसटीडीच्या दुकानात मागं माणसं उभी होती आणि त्या यंत्रावरचे लाल आकडे पळताना दिसले की मला बोलायचं ते आठवत नाही. शिवाय जे बोलायचं होतं ते माणसांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. चार दुपारी लिहिते आहे, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, भेंडीच्या पाटीवर वही ठेवून. साक्षरता वर्गातल्या बाई म्हणायच्या, निदान सहीपुरतं तरी शिका. सहीपुरतं कसलं, आता तिसऱ्या पानावर आले. अक्षर तिरकं गेलं असेल तर तो भेंडीचा दोष समज.

तुझी हकिगत मी मंगलाबाईला सांगितली तशीच इथं लिहिते, चुकत असेन तर भेटल्यावर सांग. हवामान खात्याचा फॅक्स तुमच्या तहसिलीत आला की समुद्रात मोठं वादळ उठलं आहे. तू गावोगावच्या पोलीस पाटलांना फोन लावलेस, जीपवर भोंगा बांधून त्या कोळ्यांच्या वाडीत स्वतः गेलीस, होड्या वर ओढायला लावल्यास आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट तीनशेच्या वर माणसं शाळेत नेलीस. दोन दिवस त्यांना खिचडी घातली, पाणी पुरवलं. आणि वादळ वळलं, तिकडं अरबांच्या मुलखाकडं निघून गेलं. आता वाडीतली पोरं तुला वादळबाई म्हणतात. तो भिमाजी नाखवा भर मच्छीबाजारात विचारतो की मॅडम, तुमचं वादळ कुठल्या फाट्याला उतरलं? याचं मला हसू आलं, राग मानू नकोस. नाखवा गमत्या माणूस दिसतो. पेपरात आलं की सरकारी लोकांची फुकटची पळापळ. तो पेपर मी मंगलाबाईकडून वाचून घेतला नाही, स्वतः वाचला, बोट ठेवून. शेवटच्या ओळीत आहे की सगळे सुखरूप घरी परतले. तेवढी ओळ कातरीनं कापून देवाजवळ ठेवली आहे. बाकीच्या कागदात मिरच्या बांधून दिल्या.

पण नाखव्याचंही मला कळतं. माणूस आपल्या खुणेवर विश्वास ठेवतो, फॅक्सवर नाही. इथं गोदावरीला पाणी चढलं की आम्ही कुणाला विचारायला जात नाही, पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीकडं बघतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की आमच्या पाट्या उचलायच्या, कमरेला लागलं की दुकानदारांनी माल माळ्यावर टाकायचा. मागं एकदा मी ऐकलं नाही आणि माझी अख्खी पाटीभर वांगी रामकुंडाकडं पोहत गेली, ते तुला सांगितलं आहे. सुरगाण्याला आपल्या पाड्यावर मारुतीचं काम मुंग्या करायच्या. आणि मुंग्यांचं तुझ्या आज्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, पण लिहिलं तर चालतं असं वर्गातल्या बाई म्हणाल्या, म्हणून लिहिते. झिपरू. बघ, किती सोपं आहे. मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून भिंत चढायला लागल्या की तो म्हणायचा, नागली वर टाका. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी आम्ही नागली वर टाकायचो, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस झोडपून काढायचा. सगळा पाडा त्याला विचारून पेरायचा. मला त्याचा तोरा लय होता. मुलखात माझ्या नवऱ्यासारखा नवरा नाही असं मी विहिरीवर बोलून दाखवायचे.

आता मिठाचं लिहिते. अठ्ठ्याण्णव साली तू बारा वर्षांची होतीस. तुझा बाप हिरामण ओझरच्या कारखान्यात लागला होता आणि तुम्ही इथं नाशकात होता. आम्ही दोघं गुजरातेत समुद्रकाठच्या मिठागरावर, सलग तिसऱ्या हंगामाला. पेरणीआधी गावी परतायचं, शेवटचे ढीग तेवढे झाकायचे राहिले होते. जूनमध्ये वादळ आलं, समुद्र आत शिरला, आज्यानं मला पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढवलं आणि शेजारच्या झोपडीतल्या लंकाबाईच्या म्हाताऱ्या सासूला आणायला मागं फिरला, तो कायमचाच. एवढं तुला माहीत आहे. माणसाएवढा मिठाचा ढीग साखरेसारखा विरघळताना मी वरून पाहिला, हेही तुला सांगितलं आहे. आणि तुला हे माहीत आहे की आम्हाला कुणीच सांगायला आलं नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, लोकांना सावध करायचं हेच काम का पाहिजे, तेव्हा तू म्हणालीस, माझ्या आज्याला कुणी सांगायला आलं नाही म्हणून. घरी येऊन तू मला ते सांगितलंस, मी तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि चूल पेटवायला आत गेले. ओली लाकडं नव्हती तरी डोळे पुसत होते.

सायली, ते खोटं आहे. मीच तुला सांगितलेलं खोटं. एक माणूस आला होता.

त्याच दिवशी सकाळी मोटरसायकलवर आला, डोक्याला रुमाल बांधलेला, घसा बसलेला, मिठागराच्या बांधावरून घसरत घसरत. तिथल्या सरकारी कचेरीतला होता. आदल्या सालीही हाच आला होता. तेव्हा आम्ही त्याचं ऐकून पोराबाळांसह दोन रात्री एका गोदामात काढल्या, वादळ काही आलं नाही, आणि आम्ही नसताना रिमझिम पावसानं उघडे ढीग भिजले म्हणून मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. म्हणून या खेपेला त्याला बघताच सगळे हसायला लागले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. मी म्हटलं, भाऊ, गेल्या साली गोदामात डास चावून गेले, यंदा काय चावून घ्यायला नेतोस? बाया पोट धरधरून हसल्या. तो हसला नाही. हात जोडून म्हणाला की पुढच्या मिठागरावर सांगून मी पुन्हा येतो, तोवर तयार राहा.

तो गेल्यावर तुझा आजा बराच वेळ समुद्राकडं बघत उभा राहिला. मग त्यानं घोंगडी गुंडाळायला घेतली आणि मला विचारलं, "पुतळे, जायचं का गं?"

आणि मी म्हटलं, "मुंग्या कुठं निघाल्यात?"

त्यानं खाली वाकून झोपडीच्या कुडाच्या बुडाशी बघितलं. सगळीकडं फिरून बघितलं. मुंगी नव्हती. मग त्यानं घोंगडी पुन्हा पसरली आणि खाली बसला.

मिठावर मुंग्या नसतात, बाय. तीन हंगाम आम्ही तिथं राहिलो, गुळाचा खडा उघडा पडला तरी एक मुंगी आली नव्हती. जिथं गवताची काडी उगवत नाही तिथं मुंगी काय खाईल? हे त्यालाही दिसत होतं, मलाही दिसत होतं. पण डोंगरातली खूण आम्ही समुद्रावर घेऊन गेलो, आणि ती दिसत नाही म्हणजे धोका नाही असं धरून चाललो. तो माणूस परत आला नाही. वाट तुटली असेल, दुसरीकडं अडकला असेल, वाईटसाईट झालं असेल, मला माहीत नाही. कधी वाटतं, आम्ही इतके हसलो नसतो तर आधी आमच्याकडेच वळला असता. दुपार कलली आणि पाणी आलं.

नऊ वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बापालाही नाही. तुला सांगितलं असतं तर तू माझ्या हातची भाकरी खाल्ली नसतीस अशी भीती होती. आता तू रागाव, चालेल, पण राजीनामा ठेवू नकोस. कुणी सांगायला आलं नाही म्हणून तू या कामाला लागलीस ना? तर मग ते कारण आता गेलं, आणि मी तुला त्याच्याहून मोठं कारण देते आहे. आला होता, आणि आम्ही हसलो. सांगणाऱ्याचं काम सांगून संपत नाही, लोक हसल्यावर ते सुरू होतं. मी येते आहे. पुढच्या सोमवारी, एसटीनं, नागलीचं पीठ आणि माझी वळकटी घेऊन. पाटी महिनाभर मंगलाबाई बघेल, बोलणं झालं आहे. मला त्या जीपमध्ये बसव आणि वाडीत ने. भोंगा तुझ्याकडे ठेव, मी बायांमध्ये मासे निवडत बसेन. नाखव्याला म्हणावं, हसण्यात तुझ्या वरताण एक बाई नाशकाहून आली आहे, तिची गोष्ट ऐक आणि मग विचार वादळ कुठं उतरलं ते. त्याच्या समुद्राच्या खुणाही मी विचारून घेईन, खऱ्याही असतील. पण फॅक्स आला की खूण बघत बसायचं नाही, हे त्याच्या गळी उतरवल्याशिवाय मी नाशकाला परत यायची नाही. आणि पुढच्या वेळी तू सांगायला गेलीस, लोक हसले, तुझा घसा बसला, की पाणी पी आणि पुन्हा जा. त्या मोटरसायकलवाल्याची दुसरी फेरी अजून राहिली आहे. ती तू घालायची.

तुझीच, सगळ्यात मोठ्यानं हसलेली,
आजी पुतळा