एका शब्दाचं नाव

क्लातेन, ९ ऑक्टोबर

प्रिय सेनो,

बातामची हवा मानवतेय ना? इकडे मी बरा आहे. परसातलं रामबुतान यंदा लवकर मोहरलंय. शेजारच्या बू कार्नी सोयाबीनचं टेम्पे आणून देतात आणि जाताना विचारतात, "म्हातारबुवा, एरवी काय कॉम्प्युटरच्या वायरी तळून खाता?"

आपली जावानीज लिपी टाइप करायचं ते मोफत सॉफ्टवेअर अजून चालू आहे. सगळे हौसेनं राबणारे, पगार कुणालाच नाही. हल्ली आम्ही वेबसाइट नव्यानं मांडतोय. मजकूर आणि राबणाऱ्यांच्या नावांची यादी दिली की एक प्रोग्राम चारशे पानं आपोआप तयार करतो. मलांगच्या ग्रंथपाल बू अंबर यांनी त्याची एक जुनी खोड मोडली. तेच तुला कळवायचं होतं.

तो प्रोग्राम नाव आणि आडनाव दोन्ही मागायचा. दुसरी जागा रिकामी दिसली की अख्खं नाव गाळायचा. आपल्याकडे तर निम्म्या गावाचं नाव एकाच शब्दाचं, आडनाव नाहीच. लग्नात रीतीप्रमाणे थोरपणाचं दोन शब्दांचं नाव मिळालं म्हणून मी हार्जो सुवितो झालो, आणि यादीत दिमाखात बसलो. तुझी आई नुसती तुमिराह. शाळेत कविता म्हणताना गुरुजी बोटांवर अक्षरं मोजायचे. एक कमी भरलं की ओळ बाद. तशी ती बाद झाली.

चार वर्षं सॉफ्टवेअरच्या मदतीचं प्रत्येक पान तिनं तपासलं. पानं नवी झाली की ओढणीनं चष्मा पुसत मला विचारायची, "पाकने, आलं का माझं नाव?"

"पुढच्या खेपेला."

"म्हणजे नातवाच्या लग्नात," म्हणायची आणि हसायची.

दुरुस्ती दहा ओळींची होती, मला ठाऊक होतं. आधी रंग, मग मेनू, असं करत मी ती ढकलत राहिलो.

सेनो, आईच्या दफनानंतर तू विचारलंस, "तेव्हा तुम्ही कुठे होता?" मी म्हणालो, उशाशी. तू ते खरं मानलं नाहीस. त्यानंतर तुझा फोन नाही.

मी उशाशी नव्हतो. दुपारी तिनं आतून हाक मारली, "पाकने, जरा इकडे या." मी म्हणालो, "थांब जरा, पानं तयार होतायत." त्याला सात मिनिटं लागतात. तेवढ्यात माझ्या करण्याजोगं काहीच नसतं. पडद्यावर ओळी सरकत राहतात, मला त्या कवितेसारख्या दिसतात. मी त्या बघत बसलो. मग आत गेलो. तोवर ती गेली होती. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवून ठेवला होता.

बू अंबरनी कळवलंय, "आता एक नावही चालतं, पाक. पानं बनवून टाका." मी बनवलेली नाहीत.

चौदा नोव्हेंबरला आईला जाऊन हजारावा दिवस, तिच्या स्मरणाचा. बू कार्नी तांदळाचे आपेम करणार आहेत. हे वाचून तुला यावंसं वाटणार नाही, तेही मला समजेल. पण आलास तर कॉम्प्युटरपुढच्या माझ्या खुर्चीत तू बस आणि बटण तू दाब. ती सात मिनिटं मी आत, तिच्या पलंगापाशी बसेन. नाव आलं की मला तिथेच हाक मार.

या वेळी हाकेसरशी उठणारा,
तुझा बापाक