सुई मधातून उचलायची नाही

३ मे १९५९, अकोला

वर्गातल्या उत्तमच्या टाळक्यात मी सायकलचा पंप हाणला, त्या घडीला माझं सगळं बदललं. त्याआधी मी अमरावतीच्या कॉलेजात इंटरला होतो, त्यानंतर कुठेच नव्हतो. सायकल स्टँडवर तो माझ्या शकुनबद्दल काहीतरी बोलला. काय बोलला ते लिहीत नाही, वही बाटेल. प्राचार्य म्हणाले माफी माग. मी मागितली नाही. घरी चांदूर बाजारला गेलो तर बापाने पोटभर शिव्या दिल्या. म्हणाला, संत्र्याच्या बागेत मला मारका बैल नको.

तर आज अकोल्याला उतरलो, आणि खरं सांगतो, मजेत आहे. जठारपेठेत शालिकभाऊंचं लाउडस्पीकरचं दुकान आहे. लग्न, सभा, कुस्त्या, काय असेल त्याला भोंगे आणि रेकॉर्डी भाड्याने देतात. माणूस एक नंबर. जन्म भोंग्याखाली गेल्याने कान बसलेत, त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलतात. मला म्हणाले, पगाराचं तुझ्या कानात सांगतो, आणि ते अर्ध्या पेठेने ऐकलं. राहायला दुकानामागची खोली दिली. खोलीचं दार सरळ दुकानात उघडतं. खिडकी एक, ती रस्त्यावर. समोर लिंबाखाली पुंजाराम टांगेवाला आपली घोडी बांधतो. घोडीला तो ‘बाई’ म्हणतो आणि स्वतःच्या भाकरीतली अर्धी तिला चारतो. त्याला पाहून हसू आलं. मग वाटलं, असं आपल्यालाही जमायला पाहिजे.

कारण शकुनने अट घातली आहे. निघताना कॉलेजच्या नळाजवळ भेटली. रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, “तुह्याशी माहं भांडण नाही, पंजाब. तुह्या हाताशी आहे. तो ताब्यात आला का ये. मी लग्नाले हो म्हणीन.”

हात ताब्यात आणायचा. बस. त्यात काय मोठं?

५ मे

काम शिकतो आहे. मशीन जोडणं, भोंगा छपरावर चढवणं, दर रेकॉर्डीला सुईची पिन बदलणं. शालिकभाऊंनी धंद्याचा एक नेम पहिल्याच दिवशी शिकवला. मांडवात लावलेली रेकॉर्ड अर्ध्यात थांबवायची नाही. गाणं मधात तुटलं की सोयरीक तुटते, असं लोक मानतात. सुई मधातून उचलली म्हणून मांडवातल्या म्हाताऱ्यांनी ऑपरेटरला चपलेने बडवल्याची गोष्ट त्यांनी सांगितली. म्हणून नवी रेकॉर्ड आली की वाजवणाऱ्याने ती आधी दोन्ही बाजूंनी, शेवटापर्यंत ऐकायची. खराब निघाली तरी शेवटापर्यंत. हाताला सवय लागते म्हणाले.

मला हे आवडलं. हाताला सवय लावायलाच तर आलो आहे.

८ मे

जिनिंग फॅक्टरीचा गोरा मॅनेजर बंगला विकून विलायतेला गेला. त्याच्या सामानातून शालिकभाऊंनी एक ग्रामोफोन उचलला. त्याच्यासोबत एक जाडजूड पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. उघडलं तर पानांच्या जागी पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटात तबकडी. अशा सहा. तबकड्यांच्या मधले नावाचे कागद कुणीतरी चाकूने खरवडून काढले आहेत. नाव नाही, गाव नाही. भाऊंनी कान लावून पाहिलं आणि म्हणाले की त्यांना नुसती भुणभुण येते. तू ऐक, बाजा असला तर वरातीला चालेल.

दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या, दारावर ओलं पोतं टाकलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. ऐकायला बसलो.

पहिल्या तबकडीत आधी काहीच नाही. मग खोलवर जिनिंगच्या यंत्रासारखी घरघर. तिच्यावर कुणीतरी एक जाड तार ओढतो आणि सोडत नाही. ढोल आहे, पण नाचायचा नाही. दाराआड दबा धरून बसलेल्या माणसाच्या छातीत वाजतो तसा. मग एका माणसाचा आवाज. भाषा कोणती देव जाणे. कुजबुजतो, पण इतक्या जवळून की कानाला वाफ लागते. गुणगुणावं असं एक अक्षर नाही. तरी ऐकताना वाटलं, हा मला ओळखतो.

दुसरी तबकडी वेगळी. गंजलेला पत्रा फरशीवरून ओढावा तशा तारा, दारावर बुक्क्या पडाव्यात तसा ढोल. कुजबुजणारा इथे ओरडतो. डोळे मिटले तर सायकल स्टँड दिसला. खऱ्यात मी उत्तमला एकदाच मारलं होतं. इथे मी थांबलोच नाही. त्याचं नाक गेलं, दात गेले, मग तोंड कुठलं आणि डोकं कुठलं ते कळेना, आणि ढोल सांगत होता, अजून, अजून. बाजू संपली तेव्हा माझी नखं तळहातात रुतली होती. वहीला रक्त लागलं आहे ते तेव्हाचं.

मजा आली. खोटं कशाला लिहू? मजा आली.

११ मे

आज दुकानात सत्यभामाबाई आल्या. शकुनच्या मावशी. त्यांच्या पोरीचं लग्न चोवीस तारखेला आहे, भोंगा आपलाच ठरला. मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, “तूच का तो पंपवाला?” शालिकभाऊंना ऐकू गेलं नाही म्हणून बरं. शकुन बावीसलाच येणार आहे. तिने मावशीला बजावून ठेवलंय की जाऊन त्याच्या हाताकडे पाहून ये. मी दोन्ही हात पुढे केले, पालथे. सुलटे केले नाहीत. बाई हसल्या. म्हणाल्या, हात तर गरीबच दिसून राहिले.

दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. ठरवलं की ते पुस्तक पुन्हा उघडायचं नाही.

दुपारी तिसरी ऐकली. दोन्ही बाजू. उठलो तेव्हा स्टुलाचा एक पाय माझ्या हातात होता. कधी मोडला माहीत नाही. स्टूल सागाचं आहे.

१३ मे

जे झालं ते झालं तसं लिहितो.

लग्नासाठी मोठा भोंगा छपरावर चढवला. भाऊ वरून ओरडले की लाव कोणतीही, पाहू कुठवर जाते. हाताशी बऱ्याच होत्या. माझ्या हाताने चौथी काढली. मी काढली नाही असं म्हणत नाही. पण हात जाताना मी त्याच्याकडे पाहत होतो, एवढं खरं.

आवाज रस्त्यावर पसरला. पुंजाराम लिंबाखाली घोडीला भाकर भरवत होता. तो थांबला, मान तिरपी करून ऐकू लागला. मग टांग्याखालून चाकाचा लोखंडी पाना काढला आणि घोडीच्या कपाळावर घातला. ती गुडघ्यांवर बसली. त्याच्याकडेच पाहत होती बिचारी. त्याने दुसरा घातला, तिसरा. ढोलाच्या ठेक्यावर, एकही चुकला नाही. डोळा बाहेर आला तरी हात चालूच. नळावर दोन बायका होत्या. एकीने दुसरीचं डोकं धरून नळाच्या तोटीवर आपटलं. दात खडीवर पडलेले मला खिडकीतून दिसले.

सुई माझ्यापासून वीतभर होती.

मी मनाशी म्हणालो, सुई मधातून उचलायची नाही, नेम आहे. नेम गेला चुलीत. मला शेवट ऐकायचा होता.

बाजू संपली. सगळे जागच्या जागी थांबले आणि आपापल्या हातांकडे पाहू लागले. छपरावरून भाऊ विचारत होते की ऐकू गेलं का लांबवर.

१४ मे

पुंजाराम मेलेल्या घोडीजवळून उठत नाही. पाणी घेऊन गेलो. माझ्याकडे न पाहता बोलला. “डोकं नाई म्हनत होतं, भाऊ. लय नाई म्हनत होतं. हातातच वाजून राहिलं होतं ते.” मग तळहात कानाला लावून दाखवला. म्हणाला, अजून बंद झालं नाही.

मी खोलीत येऊन माझा तळहात कानाला लावला.

लिहवत नाही.

१७ मे

आज पुस्तक फोडायचं ठरवलं. शकुन पाच दिवसांवर. पाचवी न ऐकताच दगडावर आपटली, पापडासारखी फुटली. मग पहिल्या चार. सहावीला हात अडला. एकदा, फक्त एकदा—

सहावीत घरघर नाही, तार नाही, माणूस नाही. नुसता ढोल, अगदी हळू. उठलो आणि दुकानात आल्यापासून पहिल्यांदा सुई मधातून उचलली.

आवाज थांबला नाही.

सुई माझ्या हातात, तबकडी फिरते आहे रिकामी, आणि ढोल चालू. तबकडी फोडली. तुकडे पायाखाली भरडले, पायातून रक्त निघेपर्यंत. चालू. मनगटात. तिथून कोपराकडे.

१९ मे

शालिकभाऊ दवाखान्यात आहेत.

खाली वाकून पिनांची डबी शोधत होते. म्हणाले, कुठी ठेवली बे. मी भोंग्याचा लोखंडी स्टँड उचलला. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मागे पाहिलं नाही. पहिला खांद्यावर. दुसरा कानशिलावर. कान फाटला. तिसऱ्याला ते वळले. जन्मभर ओरडून बोलणारा माणूस, हळूच म्हणाला, “पंजाब. पुरे.”

पुरे केलं नाही. आणखी एक मारला. मग स्टँड वाकडा झाला म्हणून—

दवाखान्यात सगळ्यांना सांगत आहेत की शिडीवरून पडलो. पोरावर आळ नको म्हणतात.

त्या स्टँडवर ठेका किती बरोबर बसला होता. हे मी लिहिलं? हे मी लिहिलं नाही.

२० मे

दुकान बंद. भोंग्याच्या तारेने उजवा हात खिडकीच्या गजाला बांधला. डाव्याने लिहितो, अक्षर लागत नसेल. पाणी संपलं. समोर लिंबाखाली पुंजाराम नाही. कोणी म्हणतं त्याने हात रेल्वेच्या रुळावर ठेवले. दोन्ही. शहाणा.

माझ्यात तेवढं धाडस— नाही.

२१ मे

कुजबुजणारा आला. आता भाषा कळते. वऱ्हाडीच बोलतो. माझ्याच आवाजात. नाव एकच घेतो. तिचं.

उद्या ती येईल. यायला नको. देवा, गाडी चुकू दे तिची. पाय मोडू दे— नाही. नाही. मोडायचं कोणी बोलू नये इथे—

२२ मे, दुपार

आली आहे. दुकानात. सैल फळी सरकवून आत आली. बाकावर बसली असावी, बाक करकरला. मध्ये फक्त हे दार.

म्हणाली, “शालिकभाऊले पाहून आली मी. शिडीवरून पडलेल्या माणसाले तसं लागत नसते, पंजाब. एवढं कळते मले.”

मग— “पण मी पळून जाणार नाही. मावशीले सांगून आली का येळ लागन. तू ये बाहेर. दोघं मिळून पाहू काय करायचं ते.”

दोघं मिळून म्हणाली ती. तेच ऐकायला मी अकोल्याला आलो होतो. रडलो. तोंड उघडलं ते पळ म्हणायला, जा शकुन, दुकानाबाहेर जा, लोकांत जा. तोंडातून निघालं, “थांब. आलो.”

ती बरं म्हणाली. हसली पण. ऐकू आलं.

तार गजाला लोंबते आहे. सुटलेली. मी सोडली नाही.

लेखणी उजव्या हातात आहे. केव्हापासून? अक्षर छान येतं आहे. कॉलेजात होतं तसं.

कडी काढली.

दार मागून लावून घेतो. म्हणजे मी आत राहीन, शकुन, मी आतच आहे, बाहेर जातो तो फक्त—