लामात अडकलेली तार

कार्बालेदा, ९ मार्च १९९३

चि. एर्मिनिया हिस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, मनातून येत नाहीत.

गुरुवारी बाबांना पुरलं. तुझी तार चर्चच्या दारातच हाती पडली. ‘लामात अडकलोय. येणं अशक्य.’ मी ती मोठ्याने वाचली आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. अगं, चिखलाचं कारण देतेस? आम्ही गुडघाभर चिखलातून बाबांची पेटी खांद्यावर नेली! आत्या पोर्तुगालहून भरलेली नदी ओलांडून आली. आपल्यासारखंच तिच्याही बोलीत लामा म्हणजे चिखलच. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, फिनलंडात रस्ते नाहीत होय?

बारा वर्षांत चांगलीच मडमीण झालीस. उत्तर नाही धाडलंस तरी चालेल.

एवारिस्तो


तुर्कू, २४ मार्च

ती. दादा यांस सा. न.

चालेल म्हणालास, तरी धाडते आहे. बाबा माझेही होते.

इथे लामा म्हणजे मंदी. कारखाने बंद, माणसं घरी; दुकानात, बसमध्ये, रेडिओवर दिवसभर तोच शब्द. तार लिहिताना तोच हातातून उतरला. रडत होते, शुद्ध कुणाला होती? शेजारच्या मास्तरीणबाईंना मी मुद्दाम विचारलं. आपला लामा रोमन लोकांच्या लॅटिनमधून आलेला, यांचा यांच्याच मातीतला. कोलमडून आडवं पडलेल्याला म्हणायचे. दोघांचं काही नातं नाही.

गोदी बंद झाल्यापासून माझा नवरा रेइयो तसाच पडलाय, भिंतीकडे तोंड करून. त्याला एकटं ठेवायची मला भीती वाटली. हे तारेत कसं लिहायचं, तूच सांग. आणि आत्याला माझ्यावर विनोद करायला बरा वेळ मिळाला!

आम्हाला तिकडे यायचंय. थोड्या दिवसांसाठी नाही, राहायला. लोभ आटला असेल तर तसं स्पष्ट कळव.

एर्मिनिया


कार्बालेदा, ११ एप्रिल

चि. एर्मिनिया हिस,

पाद्रीबाबांना विचारलं. आपल्या शब्दाचं तू लिहिलंस ते खरं म्हणाले. तिकडच्या शब्दाचं त्यांना ठाऊक नाही. शब्द समजला; राग समजुतीने जात नाही. शेवटच्या दिवशी दार वाजलं की बाबा मान वळवायचे. प्रत्येक वेळी, मीच आहे, असं मला सांगावं लागायचं. हे कुठल्या भाषेत लिहू?

नवरा आजारी आहे हे आधी कळवायला काय झालं होतं? तुझा ताठा! लहानपणापासून तसाच.

तुम्ही येताय म्हणून मी नाचणार नाही. बसथांब्यावर घ्यायलाही येणार नाही. पण तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, ती चूक झाली. तेव्हापासून ती रोज सकाळी ठेवणीतला कोट घालून थांब्यावर जाऊन बसते. तारीख ठरलेली नाही म्हटलं तर ऐकत नाही. संध्याकाळी हाताला धरून मी तिला परत आणतो. गाव हसतं.

माझ्यासाठी नको, तिच्यासाठी तारीख कळव. लोभाचं तुम्ही आल्यावर पाहू.

एवारिस्तो