रजेतला अभ्यास

१ ऑक्टोबर १९९८, पहाटे ५
आज दसरा. चार महिन्यांची अर्जित रजा सुरू. अठरा वर्षं अंबडच्या सरकारी दवाखान्यात काढली, एवढी सलग रजा कधी घेतली नाही. स्त्रीरोगाचा डिप्लोमा करायचा. प्रवेश परीक्षा ३१ जानेवारीला. पुढच्या वर्षी वयात बसत नाही. डिप्लोमा झाला की क्लास वन. रोज चौदा तास अभ्यास.
रात्री : दिवसभर लोक सोनं द्यायला येत राहिले. उद्यापासून.

११ ऑक्टोबर
नवी पद्धत. प्रश्न मराठीतून वहीत लिहून काढले. बायको, उषा, सातवी शिकलेली. संध्याकाळी ती विचारणार, मी उत्तर देणार. दहापैकी नऊ. दहावा तिनेच चुकीचा वाचला.

५ नोव्हेंबर
उषा आता वही न बघता विचारते. आजचा प्रश्न : "पाळी बंद होऊन तीन वर्षं झालेल्या बाईच्या अंगावरून परत लाल जायलंय, तर?" सोपा. म्हटलं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच समजायचा, आठ दिवसांत तपासणी. ती म्हणाली, "इतक्या जल्दी?" पूर्ण मार्क.

२२ नोव्हेंबर
वॉर्डबॉय कचरू आल्ता. म्हणाला, "साहेब, तुमच्याबिगर दवाखाना सुना पडलाय." जाता जाता म्हणाला, नव्या डॉक्टरीणबाई आल्यापासून ओपीडीत उभं राह्यला जागा न्हाई. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते विचारलं नाही. अभ्यास दोन तास.

९ डिसेंबर
उषाने परत तोच प्रश्न काढला. "अन् त्या बाईनं दोन महिने तसेच घालवले असले तर?" चिडलो. म्हटलं, मग ती बाई निष्काळजी, अन् घरचे तिच्याहून. ती म्हणाली, "बरं बरं. पुढचा विचारते."
हल्ली स्वयंपाक उशिरा होतो. दुपारी पडून असते. माझ्या रजेत हिनेही रजा घेतली वाटतं.

३ जानेवारी १९९९
आजपासून सोळा तास. उषा म्हणाली, औरंगाबादला एकदा जाऊन येऊ का? फिरायची हौस. म्हटलं, परीक्षा झाली की.

१७ जानेवारी
उजळणीसाठी वही स्वतः चाळली. दोनशे बारा प्रश्न, सगळे माझ्या अक्षरात. उषाने दोनदा विचारलेला तो नाही. पुन्हा पहिल्या पानापासून पाहिलं. नाही.
देवापुढे बसलो.

२० जानेवारी, औरंगाबाद
डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी डॉक्टर आहे कळल्यावर अदबीने म्हणाले, "मग सर, हिस्टरी तुम्हीच सांगा. कधीपासून आहे?"
मला माहीत नव्हतं.
उषा म्हणाली, "दसऱ्यापासून. ह्यांची रजा लागली त्याच आठवड्यात."

३१ जानेवारी, रविवार
रिपोर्ट काल आला. पसरलाय.
परीक्षेचं सेंटर उषाच्या वॉर्डापासून दहा मिनिटांवर. सकाळपासून उषा मागे लागलेली, "जाऊन या ना. मी काय पळून चालले का?" अकराला पेपर सुरू झाला तेव्हा तिने नाद सोडला.
मग म्हणाली, "अहो, डॉक्टर काय म्हणले?"
उत्तर येत होतं. दिलं नाही.