संतपूरचे दर दहावे घर

संतपूर, तालुका औराद
ता. १४ बहमन, सन १३४८ फसली

राजश्री श्रीपतभावजी यांस सत्यभामावहिनीचे आशीर्वाद. नात्याने मी थोरली म्हणून आशीर्वाद, आणि आपण हैदराबादच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवता म्हणून नमस्कारही. दोन्हींपैकी सोईचे वाटेल ते ठेवून घ्यावे. आपले पित्त कसे आहे? सौ. पद्माबाईंची दाढ काढली, की अजून लवंगेवरच चालले आहे? माझा गुडघा थंडीत धरतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. तुरी काढणीला आल्या आहेत, ज्वारी बरी आहे. कुशल विचारून झाले. आता हे पत्र बसून वाचावे.

वीस तारखेला शिक्षणखात्याच्या कमिटीपुढे जो निबंध आपण वाचणार आहात, तो वाचू नका. फाडू नका, कागदाची मागची बाजू कामाला येईल. पण वाचू नका. ‘औराद तालुक्यातील बालकांची बुद्धी शहरातील बालकांहून सरस आहे’ हे आपले वाक्य (खाली दोन रेघा ओढलेले) मी आपल्या गेल्या पत्रात वाचले, आणि मला अभिमान वाटला, हे कबूल करते. तो अभिमान गेल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता संपला. आपला निबंध माझ्या आकड्यांवर उभा आहे, आणि माझे आकडे खोटे आहेत. मी खोटे लिहिले नाही. जे डोळ्यांपुढे झाले तेच लिहिले, आणि तेच खोटे निघाले.

भांडण आपणच काढलेत. गेल्या पावसाळ्यात आपण कॉलेजाशेजारच्या वसतिगृहातली चाळीस मुले तपासलीत आणि लेखाला नाव दिलेत ‘मराठी बालकाची बुद्धी’. मी विचारले, चाळीसही मुले एका खाणावळीत जेवणारी, एका नळावर आंघोळ करणारी, सगळ्यांचे बाप फी भरू शकणारे; त्यांच्यावरून आमच्याकडच्या बालकाचे काय कळले? (तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या कॉलेजात वर्गात आम्ही मुली चौघी होतो. आमच्या प्राध्यापकांनी चौघींकडून शब्दांची एक यादी पाठ करवून घेतली आणि ‘स्त्रियांची स्मरणशक्ती’ या विषयावर जाहीर व्याख्यान दिले. चौघींपैकी एकीला त्या दिवशी ताप होता. समस्त स्त्रीजातीची एक चतुर्थांश स्मरणशक्ती तिच्या तापात गेली. तेव्हापासून मला या गोष्टीचा राग आहे.) आपण उलट लिहिलेत की वहिनी, एवढे कळते तर स्वतः करून दाखवा. सोबत पेटी पाठवलीत: सोळा रंगीत ठोकळे, नक्षीची चित्रे, स्टॉपवॉच आणि एकोणीस कलमांचे सूचनापत्रक. शिवाय कळवलेत की निवडलेल्या मुलांत जी मुलगी पहिली येईल, तिला कमिटी शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात जागा देणार. जागा एकच.

मी आपल्यासारखी एका वसतिगृहावर विसंबले नाही. पटवाऱ्याकडून घरांचे रजिस्टर मागवले, त्याच्याकडून उर्दू वाचून घेतले. घरे तीनशे बारा. चिठ्ठी टाकून पहिला नंबर काढला, तो निघाला चार. मग चौदा, चोवीस, चौतीस, असे दर दहावे घर. एकतीस घरे झाली. प्रत्येक घरातले नऊ ते अकरा वर्षांचे एक मूल. माझी ओळख नाही, मेहेरबानी नाही, शाळेत येणारा आणि न येणारा असा भेद नाही. गावात दवंडी दिली. चोविसावे घर पाटील अंकुशरावांचे निघाले, तो निव्वळ योगायोग. ते स्वतः तसे मानत नाहीत.

आपल्या सूचनापत्रकातले चौथे कलम असे: ‘परीक्षकाच्या मुद्रेवरून बालकास उत्तराचा सुगावा लागू नये.’ मी माझ्या आणि मुलाच्या मध्ये चादर बांधली. खालून हात येतील एवढी फट ठेवली. (आपल्या मनात चादर नव्हती, असे आपण म्हणाल. मनात जे होते ते कलमात लिहायचे होते.) बोलण्याचे काम नव्हतेच, चित्र पाहायचे आणि तशी नक्षी ठोकळ्यांनी लावायची. त्यामुळे पंधरा दिवस मी संतपूरची फक्त मनगटे पाहिली. हिरव्या बांगड्या, चांदीच्या पाटल्या, काळा दोरा, एकदा मुलग्याचे जाड कडे. काही हात भ्याले, काही रडले (हातही रडतात, हे मला नवीन होते), आणि काही हात इतके चटपटीत निघाले की घड्याळाची कळ दाबेपर्यंत नक्षी तयार. चोवीस मुले झाली तेव्हा आकडे आपल्याला पाठवले. आपण दोन रेघा ओढल्यात.

गेल्या मंगळवारी अठ्ठाविसावे मूल आले. भीमण्णा सुताराची मुलगी असे नाव सांगितले, लाखेच्या लाल बांगड्या. पेटी पुढे सरकवली. हात आत गेले, थांबले, आणि चादरीपलीकडून आवाज आला, “बाई, एक ठोकळा कमी हाय. मागल्या खेपेला सोळा व्हते.”

ठोकळा माझ्या पायाखाली होता. पण भीमण्णाची मुलगी याआधी माझ्याकडे आलीच नव्हती. मी चादर ओढून काढली. समोर दहा वर्षांची, केस उन्हाने तांबूस झालेली, मी जन्मात न पाहिलेली मुलगी. मी विचारले, कितव्यांदा आलीस? तिने बोटे मोजली नाहीत. “धाव्यांदा,” म्हणाली. मग आधी घेतलेली नऊ नावे क्रमाने सांगितली, प्रत्येक वेळी हातात काय होते त्यासकट. त्या नऊंत दोन मुलगे होते.

मी तशीच उठून रजिस्टरातल्या चौथ्या घरी गेले, कारण सुरुवात तिथून होती. चंद्रभागाबाई दारात शेंगा सोलत होत्या. परीक्षेच्या दिवशी त्यांचा नातू ओढ्याकडे पळाला होता, आणि ही मुलगी ताक मागायला आली होती. तिलाच नातवाचे कडे घालून पाठवले. मी संतापले. त्या शांत.

“अवो बाई, पावणे आल्यावर शेजारनीचा तांब्या मागून आनताव का न्हाई? पावणा इचारतोय व्हय, तांब्या कुनाचा म्हनून? पानी पितो, गप जातो.”

मी म्हटले, इथे पाहुणा सरकार आहे.

“मंग तर चांगलाच तांब्या लागंल की!”

भावजी, हे मी आपल्याला नीट समजावून सांगते, कारण हे आपल्या एकोणीस कलमांत नाही. गावाने असे धरले की नंबर घराचा निघाला, म्हणजे परीक्षा घराची. घराची परीक्षा असली की आमच्याकडे सतरंजी उसनी आणतात, पाटल्या उसन्या आणतात, मुलगी बघायला लोक यायचे असले तर दारात शेजाऱ्याची दुभती म्हैस आणून बांधतात. ह्यात फसवाफसवी नाही. उद्या त्याच्याकडे पाहुणे आले की आपली सतरंजी जाते. त्या हिशेबाने गावातले सगळ्यांत चलाख मूल घरोघर फिरले. भाडे म्हणून तिला दर घरी गुळाचा खडा मिळाला. म्हणजे आपल्या दोन रेघांखाली जी ‘औराद तालुक्यातील बालके’ आहेत, त्यांतली नऊ बालके हे एकच बालक आहे. उरलेली पंधरा खरी असावीत. असावीत, एवढेच म्हणते.

आता माझी चूक लिहिते. मुलीचे नाव रेणुका. मी रजिस्टरात तिचे घर शोधले, सापडले नाही. ती मायाप्पा धनगराची मुलगी. त्याची मेंढरे खतासाठी अंकुशरावांच्या रानात बसवली होती. राहायला पालाचा तळ. पटवारी म्हणाला, भिंत असेल तर नंबर, पालाला नंबर कसला? मी आपल्याला खाणावळीवरून बोलले, आणि स्वतः भिंती मोजत बसले. दर दहावे घर काढा, दर पाचवे काढा, ही मुलगी माझ्या चिठ्ठीत शंभर वर्षे निघाली नसती.

तिथून मी अंकुशरावांकडे गेले. त्यांची कलावती बुजरी म्हणून त्यांनी मुहूर्त पाहून उशिरा, मुलांतही चोविसावी पाठवली होती. म्हणजे पाठवली रेणुका. नवव्या खेपेला हात बसलेला, त्यामुळे सगळ्यांत वरचा आकडा कलावतीच्या नावावर आहे, आणि वसतिगृहाची जागा वीस तारखेला तिला मिळणार.

“नाव कलीचं, नंबर माज्या घराचा. मंग जागा कुनाची?” अंकुशरावांनी मलाच विचारले.

मी म्हटले, कलावतीला हैदराबादेस पाठवणार का?

“पाठवायलंय कोन? पोर तिकडं ठिवून काय करू? जागा मिळाली, मान आला, बास झालं. नाव मातर खोडू नका, बाई. चार गावांत सांगून झालंय.”

म्हणजे जागा रिकामी राहणार, पत्र पाटलांच्या दिवाणखान्यात चौकटीत लागणार, आणि जिची जागा ती मेंढरांमागे उदगीरकडे जाणार. मायाप्पाचा तळ हलायला सहा दिवस होते. मी रोज संध्याकाळी रानात गेले. (गुडघ्याबद्दल वर लिहिले आहे.) रोज तो नाही म्हणाला.

“हैदराबादला? कामून? अक्का, दोनशे चाळीस मेंढरं हायत. सांजच्याला एक कमी आलं तर मला कळत न्हाई, हिला कळतंय. हिला नेल्यावर म्या काय डोळे उसने आनू?”

काल शेवटचा दिवस. पालाचे खुंट उपटून झाले होते, घोड्यावर ओझे चढत होते. मी पुन्हा तेच बोलू लागले, तेव्हा त्याने हात वर करून मला थांबवले.

“तुमची परीक्षा पोरीनं धा बार दिली. आता आमची तुमी एक बार द्या. धा कोकरं धरतो. कुनाची माय कोन, बोटानं दावा. तीन बरुबर आली, पोर न्या. दोन आली, तर आमी चाललाव.”

मी कबूल झाले. दुसरे काय करणार होते? दोनशे चाळीस मेंढ्या, सगळ्या काळ्या, सगळ्यांचे तोंड एक, सगळ्या एकदम ओरडणाऱ्या. रेणुका बापामागे उभी. पहिले कोकरू चुकले. दुसरे बरोबर आले, ते केवळ त्याच्या कपाळावर आणि आईच्या कपाळावर सारखा ठिपका होता म्हणून. तिसरे, चौथे, पाचवे, सहावे चुकले. मायाप्पाने कोकरू खाली सोडले आणि आपल्या बायकोला हाक मारून सांगितले, “कालिजात शिकल्याल्या बाया मंद असत्यात गं.”

मी म्हटले, एका बाईवरून सगळ्यांचे असे ठरवू नये, मायाप्पा.

“मंग तुमी ठोकळ्यावरून आमच्या पोरांचं कामून ठरवायलाव?”

भावजी, हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवते. माझ्याकडे त्याला वेळ नव्हता, सातवे कोकरू त्याच्या हातात होते. सातवे बरोबर आले. आठवे चुकले, नववे चुकले. दहावे बरोबर आले. दहापैकी तीन. मायाप्पाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि घोड्याचा दोर ओढला. एवढेच.

आता काय करायचे ते लिहिते. निबंध मागे घ्यावा आणि का घेतला तेही कमिटीला सांगावे, माझ्या नावासकट. रेणुकेचा पहिलाच आकडा धरावा, जो चंद्रभागाबाईंच्या नातवाच्या नावावर आहे. पुढचे आठ सरावाचे, ते सोडावेत. तो पहिला आकडाही आपल्या वसतिगृहातल्या चाळीसांपैकी सदतीस मुलांच्या वर आहे. ती निवडलेल्या घरांतली नाही, नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. निवड करणारीच मी होते. चूक माझी आहे, माझ्या चुकीपायी तिची जागा जाऊ नये. नाव कलावतीचे खोडून रेणुका मायाप्पा असे लिहावे. अंकुशरावांचे मी पाहते. आणि एक रेणुका पाहून ‘धनगरांची मुले बुद्धिमान’ असा नवा निबंध सुरू करू नये. मी आपल्याला ओळखते.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि लवंग पुरे करून दाढ काढवून घ्यावी, असे पद्माबाईंना सांगावे.

आपली वहिनी,
सत्यभामा

ता. क. वर दहापैकी तीन असा आकडा आहे, तो दोन असा वाचावा. दहाव्या कोकराच्या वेळी माझे बोट भलत्याच मेंढीकडे चालले होते, तेव्हा रेणुका खोकली आणि मी बोट वळवले. मायाप्पाने विचारले नाही, मी सांगितले नाही. आपण शास्त्राचे माणूस, म्हणून आपल्यापाशी आकडा दुरुस्त असावा.

आणखी ता. क. निबंधाबद्दल मला आपल्याला आठ दिवस आधी कळवता आले असते. पण आपण मुलीला नाही म्हणाला असता. म्हणून मी बुधवारी सौ. पद्माबाईंना लिहिले, त्यांचा होकार काल सकाळी आला. वसतिगृहाची जागा मिळेपर्यंत, आणि नाहीच मिळाली तर पुढेही, रेणुका आपल्याकडे राहील. फक्त आपल्याला विचारायचे राहिले होते. हे पत्र आपल्या हातात देणारी मुलगी तीच. धान्याचे अडते हणमंतप्पा हैदराबादेस निघाले होते, ते तिला दारापर्यंत सोडून पुढे जातील. पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहा, मध्ये बोलू नकोस, असे मी तिला बजावले आहे, आणि सांगितलेले ती विसरत नाही. पत्र लांबले, हे मला ठाऊक आहे. तिला आत घ्या.