पान न विसरणारा प्रिंटर

आणि मी प्रिंटरचा प्लग उपटला. हिरवा दिवा विझला. परत लावला तर पुन्हा लुकलुकू लागला, माझं पान पोटात तसंच धरून.

चित्राआत्या, सा. न. तुझे गुडघे कसे आहेत? वर्तकनगरला पाणी वेळेवर येतं ना? (खरंच विचारतोय.) पत्र हाताने लिहून फोटो पाठवतोय, छापायची हिंमत नाही.

आमच्या मानपाड्याच्या ऑफिसातल्या पाच कॉम्प्युटरांना मिळून एक प्रिंटर निवडायचं काम प्रमोदिनीताईंनी माझ्यावर टाकलं. तीन आठवडे मी माहितीपत्रकं वाचली. एक शाई फार पितो, एक कागद चावतो, एक इतका हळू की माणूस घरी जाऊन येईल. शेवटी दुकानदार कमलेश म्हणाला, "साहेब, हा घ्या. लाईट जाऊ दे, काय पण होऊ दे, एकदा पाठवलेलं पान हा विसरत नाय." (आमच्याकडे लाईट जाते.) मी तोच निवडला.

आज दुपारी तो जोडला. जुन्यावर खासगी कागद गुपचूप छापायची माझी सवय; तो भंगारात गेलेला, तरी त्याच सवयीने मी छापायचं बटण दाबलं. ते पान म्हणजे ठाण्यातल्या दुसऱ्या ऑफिसासाठी माझा नोकरीचा अर्ज. त्यात 'सध्याच्या ठिकाणी प्रगतीला वाव नाही' असं वाक्य आहे. ताई तुझी शाळेतली मैत्रीण, तू शब्द टाकून मला इथे चिकटवलंस, हे सगळं आठवलं. पण बटण दाबल्यावर.

पासवर्डशिवाय हे यंत्र छापत नाही आणि पुसतही नाही. पासवर्ड कमलेशकडे, आणि तो उद्या पूजेला येणार. इथली रीत तुला ठाऊक आहे: नव्या यंत्रातून पहिलं पान 'श्री' निघतं, ताई त्याला कुंकू लावतात, ते भिंतीवर जातं. फ्रेम आणून ठेवली आहे. पण पासवर्ड टाकला की रांगेतलं पहिलं पान निघणार, आणि ते माझं. कमलेशला फोन केला तर हसला. "घाबरता काय साहेब? तुमचा पहिला नंबर!"

तुझा,
सौमित्र

ता. क. उद्याचा दहाचा मुहूर्त तूच काढून दिलायस. तो दुपारवर ढकल. कमलेशला दहाच्या आधी जमत नाही; पूजा दुपारी गेली तर अकराला येऊन गुपचूप पुसेन म्हणतो. ताई तुझं ऐकतात.

आणखी एक. अर्जात 'मला ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्ती' म्हणून तुझं नाव दिलं आहे. फोन नंबरासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी: मुहूर्त दहाचाच राहिला. कमलेशने पासवर्ड टाकला आणि माझा अर्ज बाहेर आला. ताईंनी तो उभ्यानेच पूर्ण वाचला. "छपाई स्वच्छ आहे," म्हणाल्या, आणि कुंकवाचं बोट लावलं. फ्रेम माझ्या टेबलासमोर लागली आहे.